सक्रिय दीर्घिका : उत्सर्जन रेषा व धूलिजन्य रक्तीकरण

ज्या दीर्घिकांच्या केंद्रभागातून, तेथील ताऱ्यांच्या हिशेबात मुळीच बसू नये इतके प्रखर प्रारण बाहेर पडते, त्या सक्रिय दीर्घिका होत. त्यांच्या वर्णपटातील तेजस्वी उत्सर्जन रेषा म्हणजे केंद्रस्थ कृष्णविवराच्या आसमंतातील आयनित वायूने दिलेली जबानीच. मात्र मधली धूळ ती जबानी पुष्कळदा फेरफार करून आपल्यापर्यंत पोचवते.

एनजीसी १०६८ या दीर्घिकेतील अशा रेषा एडवर्ड फाथ यांनी १९०८ साली लिक वेधशाळेत पाहिल्या. पण या वर्गाची पद्धतशीर दखल घेतली ती कार्ल सीफर्ट यांनी, १९४३ मध्ये. पहिल्या प्रकारच्या सीफर्ट दीर्घिकांत हायड्रोजनच्या रेषा सेकंदास हजारो किलोमीटर वेगाच्या वायूमुळे रुंदावलेल्या असतात, तर दुसऱ्या प्रकारात सर्वच रेषा अरुंद दिसतात. द्वि-आयनित ऑक्सिजनच्या ४९५९ व ५००७ अँगस्ट्रॉमवरील निषिद्ध रेषा मात्र दोन्ही प्रकारांत अरुंदच असतात, कारण केंद्रानजीकच्या दाट वायूत, टकरींमुळे, त्या उमटूच शकत नाहीत.

धुळीतून येताना प्रकाश तांबूस होतो, ते रक्तीकरण; ते मोजण्याचे रूढ साधन म्हणजे एच-आल्फा (६५६३) व एच-बीटा (४८६१) या बामर रेषांच्या तीव्रतांचे गुणोत्तर. विरळ आयनित वायूत ते सुमारे २.८६, आणि सक्रिय केंद्रांच्या अरुंद-रेषा प्रदेशात सुमारे ३.१ धरले जाते. धूळ आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक अडवते. म्हणून एच-बीटा अधिक क्षीण होते व गुणोत्तर वाढते. ते दुप्पट भरल्यास, आपल्या आकाशगंगेतील धुळीचाच नियम गृहीत धरता, दृश्य प्रकाशाचा सुमारे सातवा हिस्साच शिल्लक उरला असे निघते. एच-आल्फाच्या दोन्ही अंगांस चिकटलेल्या नायट्रोजनच्या रेषा आधी वेगळ्या काढल्या नाहीत, तर हे सारे गणित फुकट जाते. रुंद रेषांच्या बाबतीत तर या पद्धतीवर फारसा भरवसा ठेवू नये. तेथील वायू इतका दाट असतो की गुणोत्तर धुळीवाचूनही ढळू शकते.

धुळीचा खरा अधिकार १९८५ साली उघड झाला. अँटोनुची व मिलर यांनी एनजीसी १०६८ च्या ध्रुवित प्रकाशाचा वर्णपट घेतला, तेव्हा दुसऱ्या प्रकारात गणल्या गेलेल्या या दीर्घिकेत रुंद रेषा आढळल्या. थेट मार्ग धुळीच्या जाड कड्याने रोखल्यामुळे त्यांचा प्रकाश इलेक्ट्रॉनांवरून विखुरून येत होता. ती धूळ शोषलेली ऊर्जा अवरक्त प्रारणाच्या रूपाने परत करते, आणि चिलीतील व्यतिकरणमापकाने २००४ साली याच दीर्घिकेच्या केंद्राभोवती काही पार्सेक विस्ताराची तप्त धूळ प्रत्यक्ष मोजली.