चारही पाय अधांतरी

घोडा हा माणसाचा हजारो वर्षांचा सोबती. त्याच्या पाठीवर बसून राज्ये जिंकली गेली आणि गमावलीही गेली. पण भरधाव सुटलेला हा सोबती पाय नेमके कसे टाकतो, हे माणसाला १८७८ सालापर्यंत धड ठाऊक नव्हते, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

संथ चालींविषयी फारसा वाद नव्हता. साध्या चालीत चार पाय एकामागून एक पडतात आणि निदान दोन पाय तरी नेहमी जमिनीवर असतात. दुडकी चालीत पुढचा डावा व मागचा उजवा, मग पुढचा उजवा व मागचा डावा, अशा तिरक्या जोड्या पडतात; म्हणून तिचे ठोके दोनच. इंग्रजीत कँटर म्हणतात त्या मध्यम दौडीचे ठोके तीन. घोडा चौखूर उधळला की ते पुन्हा चार होतात. पण इतक्या झपाट्याने, की डोळा हात टेकतो.

डोळ्याने हात टेकले तेथे चित्रकारांनी कल्पना धावडवली. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ साली एप्सम येथील डर्बी शर्यत रंगवली. त्यातील घोड्यांचे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले आणि पोट जमिनीला लागेल की काय असे! शर्यतींच्या चित्रांतून हाच घोडा सर्रास धावत होता.

कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर व रेल्वेचा धनाढ्य मालक लीलंड स्टॅनफर्ड याला घोड्यांचा भारी शौक. दौडताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमीन सोडतात, असे त्याला वाटे. त्याने यावर मोठी पैज लावल्याची कथा सांगतात. तिला पुरावा मात्र नाही. हा प्रश्न सोडवण्याचे काम त्याने एडवर्ड मायब्रिज या इंग्रज छायाचित्रकाराकडे सोपवले. जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या तबेल्याजवळ मायब्रिजने ओळीने बारा कॅमेरे मांडले आणि वाटेत आडवे दोरे ताणले. सॅली गार्डनर ही घोडी दौडत आली, एकेक दोरा तुटत गेला आणि एकेक कॅमेरा उघडमीट करीत गेला.

चित्रांत चारही पाय खरोखरच अधांतरी होते. स्टॅनफर्ड जिंकला, पण चित्रकार हरले! कारण पाय ताणलेले असताना घोडा अधांतरी नव्हताच. चारही पाय पोटाखाली गोळा झाले, त्या क्षणीच त्याने जमीन सोडली होती.

पुढे शिल्पकार रोदँ याने जेरिकोची बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे, की काळ कधी थांबत नसतो. तो थांबवणारे छायाचित्रच खोटे, आणि धावण्याचा भास देणारा चित्रकार खरा. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? घोडा धावताना कसा दिसतो, हे जेरिकोने दाखवले. तो कसा धावतो, हे मायब्रिजने. मात्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला बारा कॅमेरे लागले, एवढे खरे.

तुमच्याआमच्याजवळ ते बारा कॅमेरे नसतील. पण कान आहेत. माथेरानच्या लाल वाटेवर घोडा शेजारून गेला, तर क्षणभर डोळे मिटून टापा मोजाव्यात. चार संथ ठोके ऐकू आले तर साधी चाल, दोन आले तर दुडकी. डोळा फसतो तेथे कान सहसा फसत नाही.