टोनच्या बटणाची कुळकथा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर मिस्सा अर्पण करण्यासाठी जाताना आमच्याबरोबर तरुणांचा लहानसा गायकवृंद असतो. गेल्या काही काळापासून त्यांच्याजवळ एक गिटार आणि कोणा परोपकारी कुटुंबाने दिलेला जुना, व्हॉल्व्हवर चालणारा छोटा अॅम्प्लिफायर आहे. मुलांचा उत्साह पाहून आम्हांस आनंद वाटे. परंतु पत्र्याच्या छपराखाली त्या पेटीचा खर्ज घुमू लागला की गीतांचे शब्द त्यात बुडून जात. एका पाड्यावर मिस्सानंतर एका वृद्ध आजीने आम्हांस सांगितले, "फादर, पोरा गोड वाजवतात, पन देवाचा नाव कुठं घेतला ता काय समजत नाय."

काही ज्येष्ठांनी गिटारच बंद करावी असा आग्रह धरला. खरे सांगायचे तर आमचा कलही तिकडेच होता. मात्र निर्णय देण्यापूर्वी त्या पेटीवरील बटणांचा इतिहास समजून घ्यावा असे वाटले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला आणि १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा भाग घातला. त्यामुळे क्षीण विद्युत्-लहरींचे मोठ्या लहरींत रूपांतर करणे पुढे शक्य झाले. रेडिओ, ध्वनिवर्धक आणि गिटारचा अॅम्प्लिफायर ही सर्व त्याच व्हॉल्व्हची लेकरे होत.

आमच्या भागात मात्र वीज प्रथम परक्यासारखी आली. १९३० च्या सुमारास कल्याण-इगतपुरी लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले. आगगाड्या शहापूर तालुक्यातून विजेवर धावू लागल्या, पण रुळांलगतच्या पाड्यांवर रॉकेलची चिमणीच मिणमिणत राहिली. मुंबईला वीज नेणारे मनोरेही याच डोंगरपट्ट्यातून गेले. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने त्यांतील मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी हौतात्म्य पत्करले. अशी ही वीज कितीतरी वर्षे लोकांच्या डोक्यावरून गेली. घरात आली नाही. त्यामुळे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी बांधवांचे गाणे गळा आणि ढोल यांच्याच बळावर पोसले गेले. त्या आजीचा कान याच मापाने घडलेला आहे.

आता बटणांकडे वळू. जुन्या रेडिओवर बहुधा टोनचे एकच बटण असे. ते फिरविले म्हणजे एका कंडेन्सरमधून उंच स्वर निघून जात व आवाज मऊ होई. इंग्लंडमधील पीटर बॅक्सँडॉल यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक रचना प्रसिद्ध केली. तिच्यामुळे बेस आणि ट्रेबल ही दोन्ही अंगे स्वतंत्रपणे वाढविता किंवा घटविता येऊ लागली. अमेरिकेत लिओ फेंडर या मूळच्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाने गिटारचे अॅम्प्लिफायर बनविले. त्यांच्या 'चॅम्प' नावाच्या लहान पेटीवर पूर्वी आवाजाचे एकच बटण होते. १९६४ च्या घडणीत तिला बेस आणि ट्रेबल ही दोन बटणे मिळाली. आमची पेटी त्याच घाटणीची आहे.

या घाटणीच्या टोन-रचनेचे मर्म जाणून आम्ही चकित झालो. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स यांची ही जाळी स्वतःहून काहीही वाढवीत नाही. ती केवळ वजा करते. बटण शेवटच्या आकड्यावर नेले म्हणजे बेस 'वाढला' असे आपण म्हणतो, पण खरोखर त्याची काटछाट थांबलेली असते. जाळीत गमावलेले बळ पुढचा व्हॉल्व्ह भरून काढतो.

ख्रिस्तसभेचा संगीतविषयक इतिहासही काहीसा असाच आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी संत दहावे पायस यांनी पियानो, ढोल यांसारखी वाद्ये उपासनेत वर्ज्य ठरविली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ऑर्गनचा मान राखूनही, उपासनेस साजतील अशा अन्य वाद्यांना दार उघडले आणि मिशनप्रदेशांतील लोकांच्या संगीतपरंपरांचा आदर करण्यास सांगितले. पुढे ५ मार्च १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्राने कसोटी सांगितली : वाद्याने गाणाऱ्यांस आधार द्यावा, पण शब्द कळेनासे होतील इतके त्यांना झाकू नये. चौसष्ट वर्षांत प्रश्नाचा रोख बदलला. 'वाद्य कोणते?' यापेक्षा 'शब्द ऐकू येतो का?' हे महत्त्वाचे ठरले.

हे उमगल्यावर आमचा निर्णय बदलला. दुरुस्तीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एका तरुणाने पेटी उघडली. (अशा पेटीत तीनशेहून अधिक व्होल्ट खेळत असतात आणि वीज तोडल्यावरही कंडेन्सर भारलेले राहतात, म्हणून जाणकारावाचून कोणीही हात घालू नये.) त्याने बेसच्या बटणामागील ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.०२२ चा बसविला, आणि मधल्या स्वरांसाठी असलेल्या ठरीव रेझिस्टन्सच्या जागी फिरविता येईल असा बसवून तिसरे बटण दिले. छपराखाली घुमणारा खर्ज ओसरला. मधले स्वर हवे तेवढे राखता येऊ लागल्याने आवाज लहान ठेवूनही गिटार भरीव वाजू लागली.

मुले प्रथम नाराज झाली. "फादर, गिटार पातळ झाली," असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हते; त्यांनी काहीतरी गमावले होते. तेव्हा आम्ही एक प्रथा घातली. गीतांच्या सरावाच्या वेळी पाड्यातील एक आजी मागच्या भिंतीपाशी बसते. शब्द कळला नाही की ती हात वर करते आणि गिटार वाजविणारा आपले बटण खाली आणतो. आता हात क्वचितच वर होतो, आणि आजीबाई स्वतःच गाऊ लागल्या आहेत.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने प्रभूसाठी आपण लहान व्हावे यातच आनंद मानला. आमच्या मुलांनी तोच धडा एका बटणावर गिरविला. गिटार बंद करून तो आम्हांला त्यांना शिकविता आला नसता.