टपालाची घडी आणि कॉमिकचे जतन

जुन्या अमेरिकी कॉमिक अंकांच्या बाजारात एका दोषाला स्वतंत्र नाव आहे. त्याला 'सबस्क्रिप्शन क्रीज' म्हणतात. मुखपृष्ठाच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत गेलेली ही एक सरळ रेघ. अंक उभा दुमडला की गुळगुळीत मुखपृष्ठावरची शाई घडीवर तडकते आणि खालचा पांढरा कागद उघडा पडतो. पुढे तो अंक कितीही वर्षे वजनाखाली दाबून ठेवला तरी कागद सपाट होतो, पण रेघ जात नाही. ही घडी वाचकाच्या हातून पडलेली नसते. वर्गणीदाराकडे जायचा अंक दुमडून, खाकी कागदाच्या अरुंद वेष्टनात सरकवून पाठवायची तेव्हाची पद्धतच होती. आज तोच अंक टपालाने पाठवताना विकणारा माणूस त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो, पाठीशी पुठ्ठा देतो, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये बांधतो आणि मग खोक्यात ठेवतो. एका वस्तूच्या बांधणीत इतका फरक पडला, त्याचे कारण सहसा एका वाक्यात सांगितले जाते. अंकांच्या किमती वाढल्या, म्हणून काळजी वाढली, असे. मला हे उत्तर अपुरे वाटते. कॉमिक ही टाकून द्यायची वस्तू आहे हे आधी टपालाच्या कायद्याने ठरवले, आणि ती जपायची वस्तू झाली तीही टपालाच्याच वाटेने. किंमत त्यामागून आली.

सुरुवात कायद्यापासून करायला हवी. अमेरिकेत ३ मार्च १८७९ च्या कायद्याने टपालाचे वर्ग पाडले आणि नियतकालिकांना दुसऱ्या वर्गात अतिशय स्वस्त दर दिला. त्यासाठी अटी होत्या. प्रकाशन नियमित हवे, वर्षाला किमान चार अंक हवेत, अंकांवर क्रमांक हवा, वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. यातली एक अट आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. अंकाला पुठ्ठ्याची, कापडाची किंवा चामड्याची भक्कम बांधणी असता कामा नये, कारण तशी बांधणी ही जतन करायच्या पुस्तकांची खूण आहे, असे कायद्यातच म्हटले होते. पुस्तक जपण्यासाठी असते आणि नियतकालिक वाचून संपवण्यासाठी, हा भेद सवलतीच्या व्याख्येतच बसवलेला होता. शिवाय वेष्टन असे हवे की टपालातल्या माणसाला ते न फाडता आतला माल तपासता यावा. म्हणजे टोके उघडी, कागद पातळ. आणि दर वजनावर असल्यामुळे, टपाल स्वस्त म्हणून जी सवलत घ्यायची ती पुठ्ठ्याच्या वजनात घालवणे कोणत्याही प्रकाशकाला परवडणारे नव्हते.

१९३३-३४ मध्ये 'फेमस फनीज'पासून कॉमिक अंकांचा धंदा उभा राहिला आणि जून १९३८ ची तारीख असलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातून सुपरमॅन आला. किंमत दहा सेंट. बहुतेक विक्री स्टॉलवरच होत असे, तरी प्रकाशक दुसऱ्या वर्गाचा परवाना हातचा सोडत नसत. त्यासाठी किती खटाटोप चाले, याच्या खुणा अंकांतच सापडतात. नियतकालिकात केवळ चित्रे नकोत, काही मजकूरही हवा, असा टपालखात्याचा आग्रह. म्हणून जवळजवळ प्रत्येक कॉमिकमध्ये दोन पाने सरळ गद्य छापले जाई. मुले ती पाने बहुधा ओलांडून पुढे जात. पण १९४१ मध्ये 'कॅप्टन अमेरिका'च्या तिसऱ्या अंकातली अशीच दोन पाने एका नवख्या मुलाने लिहिली, आणि स्टॅन ली या नावाने छापून आलेले ते पहिले लेखन ठरले. परवान्याच्या शुल्काचीही एक कथा आहे. नवे नियतकालिक म्हणजे नवा अर्ज आणि नवे पैसे. ते वाचवायला प्रकाशक जुन्या मासिकाचे नाव बदलत आणि क्रमांक पुढे चालू ठेवत. म्हणून १९५० मध्ये ई. सी. कंपनीच्या 'वीअर्ड फँटसी'चा पहिला अंक तेराव्या क्रमांकाचा निघाला. अंकात काय छापायचे आणि त्यावर कोणता आकडा घालायचा हे जिथे टपालाचा नियम ठरवत होता, तिथे अंक कसा बांधायचा हेही त्यानेच ठरवावे, यात नवल नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. कॉमिक दुमडले जात, कारण त्यांना कोणी मोलच देत नव्हते. शिक्षक आणि पालक त्यांना कचरा म्हणत, १९४० च्या दशकाच्या शेवटी काही गावांत त्यांच्या होळ्याही झाल्या, महायुद्धात ते रद्दीच्या मोहिमांत गेले. मग त्यांच्या घडीसाठी कायद्याला का जबाबदार धरायचे? तिरस्कार होता, हे खरेच आहे. पण ज्या मासिकांचा कोणी तिरस्कार करत नव्हते, तीही दुमडून किंवा गुंडाळी करूनच जात. प्रतिष्ठित साहित्यिक मासिकाचा वर्गणीदारही रॅपर फाडून अंक उलटा वळवून सरळ करी. आपल्याकडे मासिकांची वर्गणी भरलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. तुच्छतेने फार तर एवढे केले की या नुकसानीबद्दल तक्रार करणारा कोणी मोठा माणूस उभा राहिला नाही.

आता गोष्ट उलट दिशेने वळते, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सक्तीच्या त्या दोन पानांवर गोष्टी लिहून घ्यायच्या, त्यांचे मानधन द्यायचे, यापेक्षा वाचकांची पत्रे छापणे सोयीचे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पत्रांची पाने रूढ झाली. डी. सी. कंपनीत संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. गावोगावी एकेकटे असलेले वाचक त्या पत्त्यांवरून थेट एकमेकांना लिहू लागले. १९६१ मध्ये प्राध्यापक जेरी बेल्स यांनी 'ऑल्टर ईगो' हे हौशी पत्र आणि पाठोपाठ जाहिरातींसाठी 'कॉमिकलेक्टर' काढले. फ्लोरिडात जी. बी. लव्ह हे 'रॉकेट्स ब्लास्ट' काढत होते. सेरेब्रल पाल्सीमुळे हालचालींवर मर्यादा असलेल्या या माणसाला घराबाहेरचे जग टपालातूनच भेटत होते. १९६४ मध्ये त्यांनी दोन्ही पत्रे एकत्र केली, आणि 'रॉकेट्स ब्लास्ट कॉमिकलेक्टर' ही जुन्या अंकांची देशभरची पेठ झाली. दुकान नाही, फळी नाही. यादी वाचायची, पैसे पाठवायचे आणि वाट पाहायची.

अशा व्यवहारात विकत घेणाऱ्याला माल आधी दिसत नाही. समोरासमोरच्या विक्रीत अंक हातात घेऊन उलटून पाहता येतो, यादीत फक्त शब्द असतात. म्हणून 'मिंट', 'फाइन', 'गुड', 'फेअर' अशा प्रतींच्या वर्णनांना नेमका अर्थ द्यावा लागला. आणि एकदा 'फाइन' म्हणून पैसे घेतले की तो अंक पोहोचतानाही 'फाइन'च असायला हवा. टपालात एक कोपरा मोडला की प्रत खालच्या पायरीवर उतरते, आणि विकणारा खोटारडा ठरतो. त्यामुळे पार्सल नीट बांधणे ही नुसती सौजन्याची गोष्ट राहिली नाही, ती दिलेल्या शब्दाची जबाबदारी झाली. १९६० च्या दशकात रॉबर्ट बेल या टपालविक्रेत्याने कॉमिकच्या मापाच्या प्लॅस्टिक पिशव्या विकायला काढल्या. अशा पिशव्या विकणाऱ्या पहिल्या माणसांत त्याचे नाव घेतले जाते. त्याचा धंदा टपालाचा होता, हा मला योगायोग वाटत नाही.

किमतीचा मुद्दा मांडणाऱ्यांना इथे कालक्रम दाखवावा लागतो. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांचे किमतींचे पहिले मार्गदर्शक पुस्तक निघाले १९७० मध्ये. त्याआधीच्या याद्यांत बहुतेक अंकांची किंमत काही सेंट ते काही डॉलर एवढीच असे, आणि तरीही पुठ्ठे आणि पिशव्या वापरात आल्या होत्या. दुसरा पुरावा याहून ठळक आहे. १९७७ मध्ये चक रोझान्स्की यांनी कोलोरॅडोत एडगर चर्च या चित्रकाराचा संग्रह विकत घेतला. सुमारे अठरा ते बावीस हजार अंक, बहुतेक १९३० च्या उत्तरार्धापासून १९५० च्या दशकापर्यंतचे. चर्च ते स्टॉलवरून घेऊन येत आणि घरात थप्प्या रचून ठेवत. पिशवी नाही, पुठ्ठा नाही. कोरडी हवा, अंधार आणि थप्पीचा दाब एवढ्यावर ते अंक इतके शाबूत राहिले की पांढऱ्याशुभ्र पानांसाठी त्यांची आजही उदाहरणे दिली जातात. जागचा न हललेला अंक थप्पीतही टिकला. संरक्षणाची गरज होती ती प्रवासाला निघालेल्या अंकाला. किमतींनी पुढे ही काळजी कितीतरी पटींनी वाढवली, हे मान्य. तिचा जन्म मात्र प्रवासात झाला.

ही कला कशी पक्की झाली तेही पाहण्यासारखे आहे, कारण तिच्यातली प्रत्येक सवय एखाद्या नुकसानीतून आली आहे. कॉमिकचा आतला कागद लाकडाच्या लगद्याचा, वर्तमानपत्री. त्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि शेवटी कुरकुरीत होतो. सुरुवातीला लोकांनी मिळेल त्या प्लॅस्टिकमध्ये आणि मिळेल त्या पुठ्ठ्यावर अंक ठेवले. पीव्हीसीमधून मऊपणा आणणारी द्रव्ये पाझरतात आणि शाईला चिकटतात. साध्या पुठ्ठ्याचे आम्ल मागच्या मुखपृष्ठावर तपकिरी डाग उमटवते. म्हणून थोड्या काळासाठी पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन आणि दीर्घ काळासाठी मायलार, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टर, असा क्रम ठरला. पाठीच्या पुठ्ठ्यात आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट मिसळू लागले. बाहेरची बांधणी याहून बारकाव्याची. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी कागदाच्या नळ्या असतात आणि तो त्या नळ्यांच्या रेषेत सहज वाकतो. म्हणून दोन तुकडे असे कापायचे की एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील. मग जोडी कुठल्याच बाजूला दुमडत नाही. तुकडे अंकापेक्षा चारी बाजूंनी थोडे मोठे हवेत, म्हणजे मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो. पिशवी आत सरकू नये म्हणून ती पुठ्ठ्याला चिकटवायची, पण चिकटपट्टी अंकाला कुठेही लागता कामा नये. पिशवीच्या झाकणाची पट्टी अर्धवट सुटलेली असेल, तर अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ तिला चिकटते आणि साठ वर्षे टिकलेली शाई एका क्षणात सोलून निघते. जाणकार विक्रेते म्हणूनच पट्टीचे टोक दुमडून धरायला जागा ठेवतात. अंक मिळवणाऱ्याचा हात कसा चालेल, याचा एवढा विचार या बांधणीत आहे.

कायद्याने पाडलेला जुना भेद अजून संपलेला नाही. अमेरिकी टपालात पुस्तकांसाठी 'मीडिया मेल' हा स्वस्त दर आहे, पण जाहिराती असलेल्या कॉमिकना तो मिळत नाही. सत्तर वर्षांपूर्वीची, आता अस्तित्वातही नसलेल्या खेळण्याची जाहिरात असली तरी नाही. आपल्याकडे १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या 'ज्ञान पोस्ट'मध्ये ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक कर वगळता २० रुपयांत आणि पाच किलोंपर्यंतचे १०० रुपयांत जाते, पण व्यापारी जाहिराती असलेली प्रकाशने तिथेही बसत नाहीत. जुन्या अंकातली जाहिरात आज इतिहासाचा कागद आहे, विक्रीचे साधन नाही, एवढे टपालखात्यांनी मान्य करायला हवे.

उलट टोकाची तक्रारही ऐकू येते. २००० मध्ये सीजीसी ही कंपनी अंकाची प्रत ठरवून तो कडक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत देऊ लागली. पेटी फोडल्याशिवाय पान उलटता येत नाही. मग वाचायची वस्तू ती वाचायचीच राहिली नाही, असे लोक म्हणतात. या तक्रारीत तथ्य आहे, आणि मला ती पेटी आवडत नाही. पण तीही टपालविक्रीतूनच आली. ईबेवर अनोळखी माणसाचा शब्द पुरेसा वाटेना, तेव्हा तिसऱ्याची मोहर लागली. पिशवी आणि पुठ्ठा मात्र असा अडथळा आणत नाहीत. अंक काढा, वाचा, परत ठेवा.

मराठी घरांतही असे अंक आहेत. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत, आणि त्यांतला वेताळ, मँड्रेक अजून कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. 'चांदोबा'चे जुने अंकही आहेत. आता ते हौशी संग्राहकांत स्पीड पोस्टने आणि कुरिअरने फिरतात, पुष्कळदा नुसत्या पातळ पाकिटातून. आपण असा अंक कोणाला पाठवणार असाल तर तो दुमडू नका, रबरबँड लावू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ पिशवी, आत एक कडक कागद, बाहेर एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असे खोक्याचे दोन पुठ्ठे आणि पावसाळ्यात वरून आणखी एक बंद प्लॅस्टिक. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्यातला बराचसा माल घरातल्या जुन्या खोक्यातूनच निघतो.