कोरडा घट खरोखर कोरडा असतो का?

रासायनिक ऊर्जेचे विजेत रूपांतर करणाऱ्या साधनास विद्युत घट म्हणतात. असे अनेक घट जोडले की बॅटरी तयार होते. टॉर्चमधील घटाला ‘कोरडा’, तर मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीतील घटाला ‘ओला’ म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र टॉर्चमधील घट पूर्णपणे कोरडा असता, तर त्यातून वीज मिळालीच नसती. कारण आयनांच्या हालचालीसाठी त्यातही ओलावा लागतो. फरक इतकाच, की त्यातील द्रावण वाहू शकत नाही.

फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ साली तयार केलेला घट ओलाच होता. काचेच्या बरणीत नवसागराचे द्रावण, त्यात जस्ताची कांडी आणि मँगनीज डायॉक्साइडने वेढलेला कार्बन, अशी त्याची रचना होती. बरणी कलंडली की द्रावण सांडत असे. जर्मनीतील कार्ल गास्नर यांनी १८८६ साली या द्रावणात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून लगदा केला आणि तो जस्ताच्याच डब्यात बंद केला. हा झाला कोरडा घट. त्याचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. वापरात डब्याचे जस्तच झिजते. म्हणून संपलेला सेल आत राहिल्यास तो पाझरून उपकरण खराब होते.

मोटारीच्या बॅटरीत शिसे व शिशाचा डायॉक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या असतात. गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधलेल्या या घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे सहा घट जोडून १२ व्होल्टची बॅटरी होते. ती क्षणात मोठा प्रवाह देऊ शकते, म्हणूनच इंजिन सुरू होते.

ओला घट पुन्हा प्रभारित होतो आणि कोरडा होत नाही, ही समजूत मात्र अपुरी आहे. प्रभारण शक्य होते ते रासायनिक क्रिया उलट करता येत असल्यास. देखभालमुक्त म्हणून मिळणाऱ्या काही बॅटऱ्यांत आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेले किंवा जेलरूपात असते. तरीही त्या प्रभारित होतात. टॉर्चचे साधे सेल मात्र चार्जरला लावू नयेत. ते गळू वा फुटू शकतात.

ओली बॅटरी प्रभारित होताना हायड्रोजन हा स्फोटक वायू बाहेर पडतो. त्यामुळे इन्व्हर्टर हवेशीर जागी ठेवावा आणि जवळ ज्योत वा ठिणगी येऊ देऊ नये. पातळी घटल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना अपायकारक ठरतात. शिसे विषारी असल्याने जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी.