मैदानाबाहेर ठरलेला पराभव : अमेरिकी कॉलेज क्रीडाविश्वातील फेरमांडणीचा इतिहास

अमेरिकेच्या वायव्य भागात, गव्हाच्या टेकड्यांच्या पलूस नावाच्या प्रदेशात, पुलमन आणि मॉस्को ही दोन छोटी गावे आहेत. दोघांमधले अंतर जेमतेम १३ किलोमीटर. मधून राज्याची सीमा जाते. पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आहे, मॉस्कोमध्ये आयडाहो विद्यापीठ. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून शेतकऱ्या-कामगारांच्या मुलांसाठी ज्या प्रकारची विद्यापीठे उभी राहिली, त्यातलीच ही दोन. एकेकाळी दोघे एकाच क्रीडासंघटनेचे सभासद होते. १९५९ साली त्या संघटनेतून आयडाहो कायमचे बाहेर पडले. २०२३ साली शेजारच्या वॉशिंग्टन स्टेटवर तीच वेळ आली. या ६४ वर्षांत काय घडले, हे समजून घेतले तर "गुणवत्तेच्या बळावर चालणारी स्पर्धा" नावाची गोष्ट प्रत्यक्षात कशी चालते, हे कळते.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ

आपल्याकडे "आयव्ही लीग" म्हटले की उच्च शिक्षण आठवते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते त्याच आयव्ही लीगमधले. पण हे नाव मुळात एका क्रीडासंघटनेचे आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९५४ साली आठ विद्यापीठांनी करार केला की आपण एकमेकांशी खेळू, एकाच नियमाने खेळू आणि खेळासाठी वेगळी शिष्यवृत्ती देणार नाही. अशा गटाला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. बिग टेन ही त्यातली सर्वांत जुन्यांपैकी एक, १८९६ ची.

कॉन्फरन्स ही मूळात शेजाऱ्यांची सहकारी व्यवस्था होती. रेल्वेने किंवा बसने जाता येईल एवढ्या अंतरावरची विद्यापीठे एकत्र येत. वेळापत्रक ठरे, पंच ठरत, उत्पन्नाची वाटणी ठरे. लहान विद्यापीठाला मोठ्याशी खेळायला मिळे आणि त्या सामन्याच्या तिकिटांवर त्याचे वर्ष निघे.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही शेजाऱ्यांची व्यवस्था सर्व शेजाऱ्यांसाठी नव्हती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांची विद्यापीठे त्याच राज्यात, कधी त्याच शहरात असूनही गोऱ्यांच्या कॉन्फरन्समध्ये त्यांना प्रवेश नव्हता. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांना दोन पर्याय दिले : प्रवेशात वंशभेद करू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेने वेगळी संस्था काढली. शिक्षण वेगळे, तसे मैदानही वेगळे. म्हणून १९१२ मध्ये सीआयएए, १९१३ मध्ये एसआयएसी, १९२० मध्ये एसडब्ल्यूएसी अशा स्वतंत्र कॉन्फरन्स कृष्णवर्णीय विद्यापीठांनी उभ्या केल्या. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांनी स्वतःचे घर बांधले. टेक्सासच्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये १९६६ पर्यंत, तर साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये (एसईसी) १९६७ पर्यंत एकही कृष्णवर्णीय फुटबॉलपटू सामन्यात उतरला नव्हता. तेव्हा "जुने दिवस चांगले होते" हे वाक्य उच्चारताना ते कोणासाठी चांगले होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१९८४ : स्वातंत्र्य कोणाला मिळाले?

१९५० च्या दशकापासून कॉलेज फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर एनसीएए या राष्ट्रीय संस्थेचे नियंत्रण होते. १९८२ पासूनच्या योजनेत नियम असा होता की दोन वर्षांत कोणताही संघ सहापेक्षा जास्त वेळा पडद्यावर येणार नाही आणि प्रत्येक वाहिनीने किमान ८२ वेगवेगळ्या विद्यापीठांना दाखवलेच पाहिजे. म्हणजे लहानांसाठी पडद्यावर जागा राखून ठेवलेली होती.

ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन बलाढ्य विद्यापीठांना हे मान्य नव्हते. आमचे सामने लोकांना पाहायचे आहेत, मग आम्ही ते आमच्या मर्जीने का विकू नयेत, हा त्यांचा सवाल. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरली. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः कॉलेज फुटबॉलचे नामवंत खेळाडू होते.

या निकालाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सामने विकण्याचा विद्यापीठांचा हक्क मान्य करणाऱ्या याच निकालपत्रात, खेळाडूंना पैसे न देणे हे कॉलेज खेळाचे वैशिष्ट्य असल्याची मांडणी होती. पुढे कित्येक वर्षे एनसीएएने तीच मांडणी खेळाडूंच्या विरोधात वापरली. विद्यापीठांना १९८४ मध्ये बाजार मिळाला. घाम गाळणाऱ्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण सर्वोच्च न्यायालयातून मिळायला २०२१ चा अल्स्टन निकाल यावा लागला. मध्ये ३७ वर्षे गेली. फुटबॉल आणि बास्केटबॉल या कमाई करून देणाऱ्या दोन खेळांत कृष्णवर्णीय तरुणांचा वाटा किती मोठा आहे, हे लक्षात घेतले की या ३७ वर्षांचा हिशेब कोणाच्या खिशातून चुकता झाला, हे वेगळे सांगायला नको.

एकदा टाकलेले, पुन्हा टाकलेले

निकालानंतर प्रत्येक कॉन्फरन्स म्हणजे विक्रीचा माल झाली. मालाची किंमत वाढवायची तर मोठी नावे आणि मोठी शहरे हवीत, लहान सभासद नकोत.

पहिला मोठा बळी साउथवेस्ट कॉन्फरन्सचा. स्थापना १९१४. १९९० मध्ये आर्कान्सासने एसईसीची वाट धरली. १९९४ मध्ये टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर या चौघांनी बिग एटशी हातमिळवणी करून बिग १२ ची घोषणा केली. राइस, एसएमयू, टीसीयू आणि ह्यूस्टन मागे राहिले. १९९६ मध्ये ८२ वर्षांची संघटना बंद पडली.

राइस, एसएमयू आणि टीसीयू यांना वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सने आसरा दिला. तिथे १६ संघ झाले. तीन वर्षांत, १९९९ मध्ये, त्यातले आठ संघ बाहेर पडले आणि त्यांनी माउंटन वेस्ट काढली. राइस, एसएमयू, टीसीयू पुन्हा मागे. पुढे तर या वेस्टर्न कॉन्फरन्सचे फुटबॉलच २०१२ नंतर काही वर्षे बंद पडले.

आता आयडाहोकडे वळू. १९५९ मध्ये पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स मोडली. कॅलिफोर्नियाची मोठी विद्यापीठे आणि वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी नवा गट केला. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये, ओरेगन आणि ओरेगन स्टेटला १९६४ मध्ये आत घेतले. आयडाहोला कधीच घेतले नाही. पुढे वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी आयडाहोने बिग वेस्ट, सन बेल्ट, वेस्टर्न आणि पुन्हा सन बेल्ट असे दरवाजे ठोठावले. मध्ये एक वर्ष कोणाचाच आधार नसताना काढले. शेवटी २०१८ मध्ये स्वतःहून खालच्या श्रेणीत उतरले. असे करणारे ते पहिले विद्यापीठ.

गुणवत्तेचा दावा तपासून पाहू

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो : ज्यांच्यात दम आहे ते वर जातात, बाकीचे मागे पडतात, यात रडण्यासारखे काय? हा युक्तिवाद आपण फार वेळा ऐकलेला आहे. म्हणून तो मैदानावरच तपासू.

२००८ च्या हंगामात युटाचा संघ १३ पैकी १३ सामने जिंकला. शेवटच्या शुगर बोलमध्ये त्याने अलाबामालाही हरवले. तरी अजिंक्यपदाचा सामना त्याच्या वाट्याला आला नाही, कारण तो "मोठ्या" कॉन्फरन्समध्ये नव्हता. २०१० मध्ये टीसीयूही १३-० राहिला आणि त्याचेही तेच झाले. उलट बाजू पाहा. २०१२ मध्ये रटगर्सला बिग टेनचे निमंत्रण मिळाले. त्याचा फुटबॉल इतिहास काही फार उज्ज्वल नव्हता, पण ते न्यूयॉर्कच्या प्रचंड दूरचित्रवाणी बाजारपेठेच्या शेजारी होते. २०२३ मध्ये एसएमयूला एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली, ती नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा सोडण्याच्या बोलीवर. पाठीशी श्रीमंत देणगीदार असले तरच हे परवडते. मग सांगा, जिंकणारा बाहेर आणि मोठ्या शहराशेजारचा आत, ही कोणती गुणवत्ता?

पॅसिफिक कोस्टच्या वारसदार पॅक-१२ चा शेवट याच हिशेबाने झाला. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए बिग टेनमध्ये जाणार असल्याचे जाहीर झाले. त्याच ऑगस्टमध्ये बिग टेनने सात वर्षांचा, सुमारे ७ अब्ज डॉलरचा प्रक्षेपण करार केला. २०२३ च्या जुलै अखेरीस कोलोरॅडो गेले. ४ ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठे गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले. उरले दोन : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ओरेगन स्टेट १९१५ चे संस्थापक सभासद. आदल्याच हंगामात त्यांनी १० सामने जिंकले होते. मैदानावर ते कमी पडले नव्हते. त्यांचे गाव लहान होते, एवढाच त्यांचा दोष.

आज लॉस एंजेलिसची व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी सुमारे चार हजार किलोमीटर उडून न्यू जर्सीला सामन्याला जाते. हा करार तिच्या खेळासाठी झालेला नाही, पण दमछाक आणि बुडालेले तास तिच्या वाट्याला आहेत.

पायरीखाली पायरी

या दोन विद्यापीठांनी हार मानली नाही. ते न्यायालयात गेले. संघटना सोडून जाणाऱ्यांना संघटनेच्या मालमत्तेवर मत देता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि संघटनेचा ताबा या दोघांकडे राहिला. हा लढा अभिनंदनीय होता.

पण पुढे काय झाले? पॅक-१२ पुन्हा उभी करण्यासाठी २०२४ मध्ये त्यांनी माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट आणि युटा स्टेट हे पाच सभासद २०२६ पासून घ्यायचे ठरवले. याच माउंटन वेस्टने आदल्या वर्षी त्यांना सामने देऊन जगवले होते! वरच्याने ज्याला ढकलले, त्याने खालच्याला ढकलले. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागत नाही. जात आणि कॉलेजची क्रीडासंघटना यांची बरोबरी मी करत नाही. एक माणसाच्या जन्माला चिकटते, दुसरी एक करार आहे. पण प्रत्येक पायरीवरच्याला खाली कोणीतरी दिसत राहावे, म्हणजे तो वरच्याला प्रश्न विचारत नाही, ही युक्ती दोन्हीकडे चालते.

या शिडीच्या तळाशी कोण आहे, तेही पाहा. जॉर्जियातील सॅव्हाना स्टेट हे कृष्णवर्णीयांचे छोटे विद्यापीठ. २०१२ मध्ये ते ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० आणि पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडा स्टेटकडून ५५-० असे हरले. या दोन सामन्यांचे मिळून सुमारे ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. खर्च भागवण्यासाठी मार खायला जायचे, याला तिकडे "हमी सामना" म्हणतात. २०१९ मध्ये सॅव्हाना स्टेट खालच्या विभागात गेले. त्यांची एमईएसी कॉन्फरन्सही विरळ झाली. २०१८ मध्ये हॅम्प्टन गेले. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी, फ्लोरिडा ए अँड एम आणि बेथून-कुकमन गेले. १९६० च्या दशकानंतर गोऱ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडू घेतले, पण ज्या विद्यापीठांनी ते खेळाडू घडवण्याची परंपरा उभी केली, त्यांना त्या पैशात बरोबरीची भागीदारी कधी मिळाली नाही. दार उघडले ते माणसांसाठी, संस्थांसाठी नाही.

खेळाडूंचा हक्क आणि लहानांचे बिल

६ जून २०२५ रोजी हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. माजी खेळाडूंना २.८ अब्ज डॉलर आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटण्याची मुभा. खेळाडूंना मोबदला मिळालाच पाहिजे, यात शंका नाही. पण भरपाईचा मोठा भाग एनसीएएच्या वार्षिक वाटपात कपात करून वसूल होतो, आणि ही कपात ज्यांनी अब्जावधींचे करार कधी पाहिलेही नाहीत, त्या लहान विद्यापीठांनाही लागू आहे. मेजवानी एकाची, बिल सगळ्या पंगतीला.

मार्च २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोचला आणि ७०-६८ असा दोन गुणांनी हरला. काही दिवसांतच विद्यापीठाने जाहीर केले की आम्ही खेळाची शिष्यवृत्तीच नसलेल्या तिसऱ्या विभागात जात आहोत. शिष्यवृत्ती नाही म्हणजे खेळाच्या जोरावर पदवी घेऊ पाहणाऱ्या गरीब मुलाचा एक रस्ता बंद.

या इतिहासाचा धडा साधा आहे. नियम काढून टाकले की सर्वांना सारखे स्वातंत्र्य मिळते, हा भ्रम आहे. ते आधीच बलवान असलेल्यांना मिळते. १९८४ पूर्वीच्या नियमात ८२ विद्यापीठांची जागा होती, पण खेळाडूचा हक्क नव्हता. आज खेळाडूचा हक्क आला आणि लहान विद्यापीठांची जागा गेली. दोन्ही एकत्र देता येणार नाहीत, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. प्रक्षेपणाचा पैसा एकत्र विकावा, खेळाडूंना वाटा द्यावा आणि लहानांसाठी हिस्सा राखून ठेवावा, एवढी साधी ही मागणी आहे. ती मान्य होत नाही, कारण ज्यांनी ती मान्य करायची, त्यांच्याच बैठकीत लहानांना खुर्ची नाही.

पुलमन आणि मॉस्को आजही १३ किलोमीटरवर आहेत. १९५९ मध्ये आयडाहो एकटे पडले, तेव्हा शेजाऱ्याला वाटले असेल की आपण वाचलो. ६४ वर्षांनी त्याचीही पाळी आली. आज जे आत आहेत आणि निश्चिंत आहेत, त्यांनी या रस्त्यावरून एकदा प्रवास करावा.