खरेदीतला नवा मध्यस्थ
कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकांमुळे ऑनलाइन बाजारपेठेचे स्वरूप बदलत असून ग्राहक, विक्रेता आणि जाहिरातदार या तिघांपुढेही नवे प्रश्न उभे राहिले आहेत.

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणी तिसरा असणे ही बाजारपेठेला नवी गोष्ट नाही. मंडईत अडत्या असतो, घर घेताना दलाल असतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या मंडळींबरोबर साड्यांतले ज्यांना कळते अशा एखाद्या मावशीही असतात. ऑनलाइन खरेदीत ही जागा आजवर शोधाच्या चौकटीकडे होती. ग्राहकाने त्या चौकटीत दोन शब्द टाकायचे, समोर येणाऱ्या शेकडो वस्तूंतून स्वतःच निवड करायची, परीक्षणे वाचायची आणि शेवटी कंटाळून पहिल्या पानावरची एखादी वस्तू मागवायची, असा हा क्रम होता. गेल्या तीन-चार वर्षांत या क्रमाला छेद जाऊ लागला आहे. ‘चार माणसांना पुरेल, नळाला पाणी कमी दाबाने येत असले तरी चालेल, असे २५ हजारांच्या आतले वॉशिंग मशिन सांगा’ असे आता यंत्राला साध्या बोलीत विचारता येते आणि उत्तरादाखल तीन-चार नावे कारणांसह मिळतात. शेकड्यांतून चारच नावे उरतात, या साध्या फरकात पुढच्या सगळ्या वादाचे मूळ आहे.

शिफारशीकडून संभाषणाकडे

संगणकाने ग्राहकाला वस्तू सुचवण्याचा प्रयत्न तसा जुना आहे. ‘ज्यांनी हे घेतले त्यांनी तेही घेतले’ ही अॅमेझॉनची पद्धत १९९०च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली आणि कंपनीच्या अभियंत्यांनी २००३मध्ये तिच्याविषयी शोधनिबंधही प्रसिद्ध केला. त्या पद्धतीला ग्राहकाचे म्हणणे कळत नव्हते. लाखो लोकांच्या खरेदीतील साम्य तेवढे ती हेरत असे. पुढे २०१४मध्ये याच कंपनीने ‘अॅलेक्सा’ हा आवाजी सहायक आणला आणि २०१७मध्ये तो भारतात आला. लोक आता तोंडी हुकूम सोडून खरेदी करतील, असा बोलबाला तेव्हा झाला होता. प्रत्यक्षात घराघरांत अॅलेक्साचा उपयोग झाला तो प्रामुख्याने गाणी लावण्यासाठी, गजरासाठी आणि हवामान विचारण्यासाठी. साडी किंवा चप्पल न पाहता, केवळ ऐकून घेणे माणसाला जमत नाही, हे त्यातून दिसले.

नोव्हेंबर २०२२मध्ये ‘ओपन एआय’ कंपनीचे ‘चॅटजीपीटी’ खुले झाले आणि चित्र पालटले. भारतात ‘मिंत्रा’ आणि ‘फ्लिपकार्ट’ यांनी २०२३मध्येच संभाषणातून खरेदीचे प्रयोग सुरू केले. अॅमेझॉनने ‘रूफस’ नावाचा सहायक फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतात चाचणी स्वरूपात आणला. गुगलने शोधाच्या निकालांवर यंत्राने लिहिलेला सारांश देण्यास २०२४मध्ये आरंभ केला.

हे सहायक चालतात कसे, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. अफाट मजकुरावर तयार केलेले भाषेचे प्रारूप हा त्यांचा पाया. पण वस्तूचा आजचा भाव, साठा किंवा आपल्या पिनकोडवर ती पोहोचेल की नाही, हे त्या प्रारूपाला स्वतःहून ठाऊक नसते. त्यासाठी सहायक विक्रेत्याची यादी, वस्तूचे वर्णन आणि ग्राहकांची मते ऐनवेळी शोधून आणतो आणि त्यांच्या आधारे उत्तर रचतो. आणलेली माहिती अपुरी असेल तर उरलेली जागा तो सफाईदार वाक्यांनी भरून काढू शकतो. वॉरंटी दोन वर्षांची असताना पाच वर्षांची सांगणे, किंवा यंत्रात नसलेली सोय असल्याचे सांगणे, अशा चुका यातूनच होतात. दुकानातला नवखा विक्रेता अडखळला की गिऱ्हाईक सावध होते. यंत्र अडखळत नाही, ही खरी अडचण आहे.

सल्ला देता देता गल्ल्यापर्यंत

सल्ल्यानंतरची स्वाभाविक पायरी प्रत्यक्ष व्यवहाराची. चॅटजीपीटीत वस्तूंची चित्रे, किमती आणि दुव्यांसह उत्तरे एप्रिल २०२५मध्ये मिळू लागली. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेतील ग्राहकांना ‘एट्सी’वरील वस्तू संभाषणातूनच विकत घेण्याची सोय करण्यात आली. जानेवारी २०२६मध्ये गुगलने ‘शॉपिफाय’, ‘वॉलमार्ट’ आदी कंपन्यांना बरोबर घेऊन सहायक आणि दुकाने यांच्यातील व्यवहारासाठी एक समान तांत्रिक संकेत जाहीर केला. असा संकेत लागतो, कारण प्रत्येक दुकानाचा कर, वाहतूक खर्च आणि माल परत घेण्याचे नियम वेगळे असतात आणि यंत्राला ते एकाच साच्यात हवे असतात.

भारतात या संदर्भात महत्त्वाची घोषणा झाली ती ऑक्टोबर २०२५मध्ये. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ, ‘रेझरपे’ आणि ओपन एआय यांनी चॅटजीपीटीतून यूपीआयद्वारे पैसे चुकते करण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. ‘बिग बास्केट’ हा त्यातील सुरुवातीच्या विक्रेत्यांपैकी एक. ग्राहकाने ठरावीक रक्कम एखाद्या विक्रेत्यासाठी आधीच राखून ठेवायची आणि सहायकाने त्या मर्यादेत किराणा मागवायचा, ही त्यामागची कल्पना. वाण्याकडे यादी टाकून महिन्याच्या शेवटी हिशेब करणाऱ्या पिढीला ती अगदीच अनोळखी वाटू नये. फरक इतकाच, की वाण्याच्या वहीतली चूक दुकानात उभे राहून दाखवता येत असे.

सहायक ग्राहकाच्या वतीने दुकानात शिरू लागला, की दुकानदाराने त्याला आत घ्यायचे की नाही, हा प्रश्न उभा राहतो. ‘परप्लेक्सिटी’ या कंपनीच्या ‘कॉमेट’ ब्राउझरमधील सहायक ग्राहकाच्या खात्यातून अॅमेझॉनवर खरेदी करून देत असे. तो स्वतःची ओळख लपवून परवानगीविना शिरतो, असा आरोप करीत अॅमेझॉनने नोव्हेंबर २०२५मध्ये कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. ग्राहकाने नेमलेल्या सहायकाला ग्राहकाचेच अधिकार असतात, असा परप्लेक्सिटीचा प्रतिवाद होता. गंमत अशी, की दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून ग्राहकासाठी खरेदी करणाऱ्या आपल्या स्वतःच्या सहायकाची चाचणी अॅमेझॉनने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू केली होती.

या भांडणात तत्त्वाइतकाच पैसाही आहे. अॅमेझॉनला २०२४मध्ये जाहिरातींतून ५६ अब्ज डॉलरच्या आसपास उत्पन्न मिळाले. यातला मोठा वाटा शोधाच्या निकालांत वरची जागा मिळवण्यासाठी विक्रेते जे पैसे मोजतात त्यांचा आहे. ही जागा माणसाच्या डोळ्यांसाठी असते. माणसाऐवजी यंत्र पान वाचू लागले, तर त्या जागेचे मोल काय राहणार? नाक्यावरची मोक्याची जागा भरमसाट भाड्याने घ्यावी आणि गिऱ्हाईकाने मागच्या दाराने यावे, तसा हा प्रकार आहे.

जाहिरातदारांची कसरत

साहजिकच विपणन क्षेत्राची भाषाही बदलली आहे. गुगलच्या पहिल्या पानावर येण्याची विद्या गेली दोन दशके जाहिरात संस्थांच्या उत्पन्नाचे साधन होती. आता यंत्राच्या उत्तरात आपले नाव यावे, यासाठी खटपट सुरू झाली आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांसह काही अभ्यासकांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दिसले, की मजकुरात आकडेवारी, अवतरणे आणि आधार दिले की अशा उत्तरांत त्याला अधिक स्थान मिळते. तेच तेच शब्द घुसडण्याची जुनी युक्ती मात्र फारशी चालत नाही.

इथवर ठीक. परंतु हार्वर्ड विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०२४मध्ये केलेला प्रयोग अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्यांनी कॉफी यंत्रांची एक काल्पनिक यादी तयार केली आणि त्यातील एका यंत्राच्या माहितीत मुद्दाम रचलेली, माणसाला निरर्थक वाटणारी अक्षरांची माळ घातली. तेवढ्याने सहायकाच्या शिफारशींत ते यंत्र वर सरकले, अनेकदा थेट पहिल्या क्रमांकावर गेले. वस्तू तीच, किंमत तीच. जाहिरात निदान जाहिरात म्हणून ओळखता तरी येते. अशा क्लृप्तीने मिळवलेली शिफारस ग्राहकाला निःपक्षपाती सल्ला वाटते, आणि म्हणूनच ती जाहिरातीपेक्षा घातक आहे. त्यातच खुद्द संभाषणातही जाहिराती आल्या आहेत. ओपन एआयने फेब्रुवारी २०२६मध्ये अमेरिकेतील काही ग्राहकांसाठी चॅटजीपीटीत जाहिराती दाखवण्याची चाचणी सुरू केली. त्या उत्तरापासून वेगळ्या दाखवल्या जातील आणि उत्तरावर त्यांचा परिणाम होणार नाही, असे कंपनीने जाहीर केले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने छोट्या दुकानदाराला हात दिल्याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. ‘कॅडबरी’ने २०२१च्या दिवाळीत शाहरुख खान याचा चेहरा व आवाज वापरून एक जाहिरात केली. दुकानदाराने आपल्या दुकानाचे नाव द्यायचे आणि त्या नावाचा उच्चार करणारा शाहरुख पडद्यावर हजर, अशी ती योजना. टाळेबंदीने पिचलेल्या गल्लीतल्या दुकानाला नामवंत नटाची जाहिरात मिळणे, हे त्याआधी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

येवल्याचा माग आणि यंत्राची नजर

मात्र सहायकाच्या चार नावांत आपले नाव यावे, ही गोष्ट छोट्या विक्रेत्याला वाटते तितकी सोपी नाही. पैठणीचेच पाहा. येवल्याच्या मागावर विणलेली आणि यंत्रमागावर काढलेली पैठणी यांतील फरक जाणत्या बाईला पदराची मागची बाजू उलटून पाहिली की कळतो. सहायकाला हात नाहीत. त्याला मिळते ते वर्णन. ‘सुंदर मोर पैठणी, भरजरी काठ’ एवढेच लिहिणारा विणकर आणि धाग्याचा प्रकार, वजन, लांबी, धुण्याच्या सूचना, शेकडो परीक्षणे अशी जय्यत तयारी असलेला घाऊक व्यापारी यांत यंत्राला दुसराच अधिक ‘विश्वसनीय’ दिसण्याचा संभव असतो. कोल्हापुरी चपलेचीही तीच गत. तिला भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्रातील व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांपुरते आहे. पण ‘कोल्हापुरी’ हा शब्द कोणीही वर्णनात लिहू शकतो. मानांकन, हातमागाची खूण आणि कारागिराची नोंदणी या बाबी यंत्राला वाचता येतील अशा रीतीने मांडल्या गेल्या, तर मात्र हेच सहायक अस्सल माल शोधून देण्याच्या कामी येऊ शकतात. हे काम एकेकट्या विणकराच्या आवाक्यातले नाही. सहकारी संस्था आणि शासकीय महामंडळे यांनीच ते करायला हवे.

भाषेचा अडथळाही आहेच. अॅमेझॉनच्या भारतीय संकेतस्थळावर मराठी आली ती सप्टेंबर २०२१मध्ये. आजचे सहायक मराठी प्रश्नाला मराठीत उत्तर देतात, हे खरे. परंतु वस्तूंची वर्णने आणि परीक्षणे बहुतांशी इंग्रजीत असल्याने त्या मराठी उत्तरामागची शिदोरी परकीच असते.

चूक झाली तर जबाबदार कोण?

या प्रश्नाचे एक उत्तर कॅनडात मिळाले आहे. नातलगाच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाला ‘एअर कॅनडा’च्या संकेतस्थळावरील सहायकाने सांगितले, की सवलतीच्या दरासाठी तिकीट काढल्यानंतरही अर्ज करता येतो. कंपनीच्या नियमांत तशी तरतूद नव्हती. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा कंपनीची भूमिका अशी होती, की सहायकाने दिलेल्या माहितीची जबाबदारी तिच्यावर येत नाही. न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४मध्ये ती फेटाळली. संकेतस्थळावरील सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच, मग ती साध्या पानावर असो वा यंत्राच्या उत्तरात, असा निर्वाळा देऊन भरपाईचा आदेश देण्यात आला. रक्कम लहान होती, निकाल मात्र जगभर वाचला गेला.

भारतात या विषयासाठी स्वतंत्र कायदा नाही, पण जुने नियम बरेच कामाचे आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये वस्तूंचा किंवा विक्रेत्यांचा क्रम कोणत्या प्रमुख निकषांवर लावला जातो, हे बाजारमंचाने सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे. चारच नावे सुचवणाऱ्या सहायकाला हा नियम कसा लावायचा, हे अद्याप स्पष्ट व्हायचे आहे. खरेदीला ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट कृतीतूनच घ्यावी, आधीच खूण केलेल्या चौकटींतून घेऊ नये, असेही हे नियम म्हणतात. ग्राहकाच्या वतीने यंत्रच चौकटीवर खूण करीत असेल, तर ती संमती कोणाची? नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी घाई निर्माण करणे आणि टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणे हे त्यांतील दोन प्रकार. ऑनलाइन परीक्षणांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे २०२२चे मानकही आहे, मात्र ते ऐच्छिक आहे. सहायक ज्या परीक्षणांवर विसंबतात, तीच खोटी असतील तर सल्लाही खोटाच ठरणार, हे लक्षात घेता ते ऐच्छिक का असावे, असा प्रश्न पडतो.

ग्राहक सहायकाला जे सांगतो, त्यात मधुमेह, गरोदरपण, कर्ज असे बरेच काही असते. शोधाच्या चौकटीत कोणी इतके मोकळेपणाने लिहीत नव्हते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील बहुतेक बंधने लागू होण्यासाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत देण्यात आली आहे.

दरम्यान, सहायकाच्या सांगण्यावरून घेतलेल्या वस्तूबाबत तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही ती नोंदवता येते. अशा तक्रारीसाठी सहायकाबरोबरच्या संभाषणाचे छायाचित्र, मागणीची पावती आणि वस्तूच्या पानावरील त्या वेळचे वर्णन जपून ठेवणे उपयोगाचे ठरते, कारण तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला असता सहायक तेच उत्तर देईल, याची खात्री नसते.