वळिवड्याची मुलं आणि त्यांची साक्ष

जबलपूर ही प्रशिक्षणाची छावणी. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्स या तिन्हींचे रंगरूट इथे घडतात. त्यांच्या अंगी एक सवय बाणवावी लागते: जे पाहिलं ते लगेच, वेळ आणि ठिकाणासह कळवा. उशिरा दिलेल्या रिपोर्टात अंदाज शिरतो. युद्धाचा इतिहास अशाच कागदांवर उभा राहतो. पण या कागदांत लहान मुलं कुठे असतात?

याचं उत्तर शोधायला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जावं लागेल.

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. 10 फेब्रुवारी 1940 पासून तिथली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली जाऊ लागली. भूक, थंडी आणि टायफसने अनेक मुलं अनाथ झाली. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर 1942 मध्ये एक लाखाहून अधिक माणसं इराणात पोचली.

त्यांतली काही शे मुलं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत सांभाळली. 1943 पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे 5,000 पोलिश लोक राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, स्काउट पथकं असं एक छोटं गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसलं.

यातल्या अनेकांचे बाप आणि भाऊ अँडर्स यांच्या सैन्यात होते. ते सैन्य पुढे इटलीत लढलं आणि 18 मे 1944 रोजी त्याने मॉन्टे कॅसिनोचा मठ घेतला. आपली मराठा पलटणही तेव्हा इटलीतच होती. 10 जुलै 1944 रोजी नाईक यशवंत घाडगे यांना तिथेच वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पोलिश शिपायाची पोरं आपल्या मुलखात आणि आपला शिपाई त्याच्या आघाडीवर, असं हे नातं.

पोलिश अधिकाऱ्यांनी एक दूरदृष्टीचं काम केलं. युद्ध चालू असतानाच त्यांनी सुटून आलेल्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. त्यांत शाळकरी मुलांचे निबंधही होते. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि 1989 पर्यंत या विषयावर उघड बोलणं अवघड झालं. पण कागद आधीच देशाबाहेर होते. त्यांतले बरेच कॅलिफोर्नियातल्या हूवर संस्थेत जपले गेले आणि निवडक निबंधांचं पुस्तक 1981 मध्ये निघालं.

मुलांच्या आठवणीत तारखा चुकतात. किती लोक नेले, हे ठरवायला सरकारी याद्याच लागतात. पण आईने गाठोड्यात काय बांधलं, डब्यात कोण गेलं, हे कुठल्याही यादीत नसतं. त्यासाठी मूलच साक्षीदार.

1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने व्याप्त प्रदेशातून लोकांना जबरदस्तीने हलवण्यास मनाई केली. तरी मार्च 2023 मध्ये युक्रेनमधून मुलं नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला रशियाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध अटक वॉरंट काढावं लागलं. तिथेही उद्या मुलांची साक्ष लागेल.

वळिवड्याची छावणी 1948 मध्ये रिकामी झाली आणि फाळणीत उखडलेले सिंधी निर्वासित त्या जागेत आले. आजचं गांधीनगर ते हेच. म्हणजे एकाच जागेने दोन देशांच्या बेघर मुलांना आसरा दिला.

कोल्हापूर भागातल्या माजी सैनिकांना एक विनंती आहे. घरात, शेजारी नव्वदीच्या आसपासचे कोणी असतील, वळिवड्याचे किंवा सिंधमधून आलेले, तर त्यांच्याजवळ बसा. मोबाईलवर आवाज टिपा. नाव, गाव, साल आधी नोंदवा, मग त्यांना बोलू द्या, आपले शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा. हा रिपोर्ट आधीच फार उशिराचा आहे.